लखलखाटानंतरचे आठवडे

२०२३ सालच्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या दिवसांत, एका शोधनिबंधाविषयीची बातमी वाचनात आली. आदल्या वर्षी ९ ऑक्टोबरला अवकाशातून आलेल्या गॅमा किरणांच्या, म्हणजे सर्वाधिक ऊर्जेच्या प्रकाशाच्या, एका झोताने पृथ्वीच्या आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, खळबळ माजवली होती आणि भारतातल्या विजांची नोंद घेणाऱ्या उपकरणांवरही त्याचा ठसा उमटला होता, असे त्या घटनेविषयी लिहिलेले होते. तारखेपाशी मी अडखळले. ९ ऑक्टोबर २०२२ म्हणजे त्या वर्षीची कोजागरी. स्फोटाची वेळ जागतिक घड्याळानुसार दुपारी १ वाजून १७ मिनिटे होती, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे ६ वाजून ४७ मिनिटे. आकाशनिरीक्षणाची जुनी सवय असल्यामुळे पुढचे गणित केल्यावाचून मला राहवले नाही. त्या क्षणाचा नाक्षत्रकाल, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबातली वेळ, काढला, स्फोटाच्या स्थानाचे विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशातले रेखांश-अक्षांश, त्यात घातली, आणि तो स्रोत त्या वेळी पृथ्वीवर नेमका कोणाच्या डोक्यावर होता ते शोधले. उत्तर आले २० अंश उत्तर अक्षांश आणि ७१ अंश पूर्व रेखांश. नकाशात पाहिले, तर ते ठिकाण डहाणूच्या पश्चिमेला सुमारे १८० किलोमीटरवर अरबी समुद्रात पडत होते. मुंबई, ठाणे, पालघर या साऱ्या पट्ट्याच्या तो स्रोत जवळजवळ खमध्यावर होता. श्रवण आणि अभिजित या दोन ताऱ्यांच्या साधारण मधोमध, शर नावाच्या लहानशा तारकासमूहात.

त्या वेळी मी काय करत होते हे मला निश्चित सांगता येते, कारण कोजागरीच्या संध्याकाळी त्या सुमारास आमच्या घरी दरवर्षी एकच काम चाललेले असते. गॅसवर मोठ्या पातेल्यात दूध आटत होते, कडेला धरलेली साय पळीने खरवडून पुन्हा दुधात सोडली जात होती, वाटीत भिजवलेल्या केशराचा रंग उतरू लागला होता आणि नुकत्याच किसलेल्या जायफळाचा वास स्वयंपाकघरभर पसरला होता. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "अगं, झालं का आटवून? सगळे गच्चीवर जमलेसुद्धा." मी म्हटले, "झालंच काकू, चारोळ्या तेवढ्या घालते आणि आलेच." याच काही मिनिटांत वर तो प्रकार घडत होता. आधी एक हलकीशी चाहूल, मग सुमारे तीन मिनिटांची जवळजवळ शांतता, आणि मग माणसाने आजवर नोंदवलेल्यांतला सर्वांत प्रखर गॅमा किरण स्फोट. त्याचा मारा इतका होता की फर्मी उपग्रहावरच्या उपकरणांसह अनेक उपकरणे काही काळ मोजमापाच्या पलीकडे गेली. पृथ्वीवर इतका प्रखर स्फोट दहा हजार वर्षांतून एखाद्या वेळी दिसावा, असा अंदाज नंतर मांडला गेला. वातावरणाने ते किरण वरच्या वर शोषून घेतले, आणि खाली कोणाला काहीही जाणवले नाही.

गच्चीवर सगळ्यांची तोंडे पूर्वेकडे होती.

ते गणित सुटल्यावर मला आनंद झाला की हुरहूर लागली, हे आजही नीट सांगता येत नाही. वडिलांच्या रेडिओची आठवण मात्र लगेच झाली. सत्तरच्या दशकात ते रात्री लघुलहरींवरची दूरची केंद्रे लावत असत. सुई अगदी सावकाश सरकवायची, आवाज सापडायचा, आणि गाणे रंगात आले असताना तो अचानक लांब गेल्यासारखा व्हायचा. वडील हात न हलवता बसून राहत आणि म्हणत, "थांब, वर काहीतरी हललंय, येईल परत." वर म्हणजे आयनांबरात, जिथून त्या लहरी परावर्तित होऊन आमच्या खोलीपर्यंत येत. त्याला बहुतेक वेळा सूर्यच कारणीभूत असे. परंतु एखादा दूरचा स्फोटही हा थर हलवू शकतो, हे पुढे दिसून आले. १ ऑगस्ट १९८३ च्या एका गॅमा किरण स्फोटाने अतिदीर्घ रेडिओलहरींत घडवलेला बदल दोन शास्त्रज्ञांनी जुन्या नोंदींतून शोधून काढला होता. वडिलांचे ते थांबणे मला या विषयाशी फार जवळचे वाटते, कारण गॅमा किरण स्फोटांचे मूळ माणसाला कळले ते त्या काही सेकंदांच्या लखलखाटातून नव्हे, तर तो विझून गेल्यावरही त्याच जागेकडे आठवडेच्या आठवडे पाहत राहिलेल्यांमुळे. लखलखाट सांगतो की काहीतरी घडले. कोणाचे काय घडले, हे तो सांगत नाही.

हे किती खरे आहे, हे पहिल्या स्फोटांच्या कहाणीतच दिसते. १९६३ च्या अणुचाचणीबंदी करारानंतर अमेरिकेने वेला नावाचे उपग्रह जोडीजोडीने सोडले. अवकाशात कोणी चोरून अणुस्फोट केला तर त्यातून निघणारे गॅमा किरण टिपणे हे त्यांचे काम होते. त्याच्याही आधी, १९५९ साली, जिनिव्हातल्या वाटाघाटींत सल्लागार असलेल्या स्टर्लिंग कोलगेट या भौतिकशास्त्रज्ञाने एक शंका काढली होती: एखादा सुपरनोव्हा, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याचा प्रचंड स्फोट, झाला आणि त्यातून गॅमा किरण आले, तर ही उपकरणे फसणार नाहीत का? ताऱ्याच्या गाभ्यातून निघालेली आघातलहर पृष्ठभाग फोडून बाहेर पडताना गॅमा किरणांचा एक झटका बसेल, असा सिद्धान्त त्याने पुढे १९६८ मध्ये मांडला. २ जुलै १९६७ रोजी वेला उपग्रहांनी एक विचित्र नोंद केली होती. ती ना अणुस्फोटासारखी होती, ना सूर्यावरच्या वादळासारखी. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या रे क्लेबेसाडेल आणि सहकाऱ्यांनी पुढच्या, अधिक चांगल्या उपग्रहांच्या नोंदी तपासून १९७३ मध्ये अशा सोळा स्फोटांची वार्ता प्रसिद्ध केली. कोलगेटची कल्पना त्यांच्या डोळ्यांपुढे होती. त्यांनी माहीत असलेल्या सुपरनोव्हांच्या तारखा या स्फोटांशी ताडून पाहिल्या, आणि मेळ बसला नाही.

मेळ बसणे शक्यच नव्हते, हे आज आपल्याला कळते. गॅमा किरणांची नोंद सेकंदाच्या अंशापर्यंत अचूक होती, पण ते कोणत्या दिशेने आले हे आकाशाच्या एका भल्यामोठ्या तुकड्यापुरतेच ठाऊक होते. सुपरनोव्हाचे अगदी उलट. त्याची जागा नेमकी कळते, परंतु तो दिसतो तोच मुळी फुटल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी, त्यामुळे त्याच्या जन्मवेळेला दिवसांची अनिश्चितता असते. एकाचे घड्याळ पक्के आणि पत्ता कच्चा, दुसऱ्याचा पत्ता पक्का आणि घड्याळ कच्चे. शिवाय हे स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षांवरचे असतील, तिथला सुपरनोव्हा त्या काळच्या दुर्बिणींना दिसणेच शक्य नाही, ही कल्पना तेव्हा फारशी कोणाच्या मनात नव्हती. खरा दुवा अगदी पहिल्याच निबंधात तपासला गेला आणि रास्त पुराव्यानिशी बाजूला ठेवला गेला, याची मला फार चुटपुट लागते. पुढची पंचवीस वर्षे सूचनांचा पाऊस पडला. आपल्याच आकाशगंगेतले न्यूट्रॉन तारे, धूमकेतूंच्या टकरी, आणखी कितीतरी. १९९१ मध्ये सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेने नऊ वर्षांत २,७०४ स्फोट टिपले आणि ते आकाशात सर्वत्र सारखे विखुरलेले आढळले. आकाशगंगेच्या पट्ट्याचा मागमूसही त्यांत नव्हता, म्हणजे ते आकाशगंगेबाहेरचे असावेत असे दिसत होते. तरीही १९९५ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला बोहदान पाचिन्स्की आणि डोनाल्ड लॅम्ब यांच्यात हे स्फोट दूरचे की जवळचे यावर जाहीर वादविवाद झाला, आणि निकाल लागला नाही. तो १९९७ मध्ये बेप्पोसॅक्स या इटालियन-डच उपग्रहाने लावला. स्फोटानंतर मागे राहणारी क्ष-किरणांची मंद धग त्याने टिपली, दुर्बिणींना नेमका पत्ता मिळाला, आणि त्या वर्षीच्या मे महिन्यातल्या एका स्फोटाचे अंतर अब्जावधी प्रकाशवर्षांत निघाले.

मग आला २५ एप्रिल १९९८.

या स्फोटापाशी मला रेंगाळावेसे वाटते. तसा तो अशक्त होता आणि कोणी त्याची विशेष दखल घ्यावी असे त्याच्या गॅमा किरणांत काही नव्हते. बेप्पोसॅक्सने दिलेल्या पत्त्यावर टायटस गलामा आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या ला सिया येथील दुर्बीण वळवली, ती नेहमीची विझत जाणारी धग शोधण्यासाठी. विझणारे काही सापडले नाही. उलट, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका साध्या सर्पिल दीर्घिकेच्या बाहूत एक ठिपका दिवसेंदिवस उजळत चालला होता. तो सुपरनोव्हा होता आणि त्याला एसएन १९९८बीडब्ल्यू असे नाव मिळाले. मागे हिशेब केला तेव्हा त्याचा प्रारंभ स्फोटाच्या वेळेशी एक-दोन दिवसांच्या आत जुळला. जागा आणि वेळ दोन्ही योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा हजारांत एक इतकीच होती. तरीही शंका घेणाऱ्यांची बाजू लंगडी नव्हती. बेप्पोसॅक्सच्या त्या चौकटीत क्ष-किरणांचे दोन स्रोत होते, आणि हा स्फोट खरोखर तिथलाच असेल तर तो नेहमीच्या स्फोटांपेक्षा हजारो पटींनी दुबळा ठरत होता. ज्या जातीचा उलगडा हवा होता, त्याच जातीचा हा म्हणायचा की नाही, असा पेच होता.

या पेचात ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ दुर्बिणींच्या एका रांगेने मोठी कामगिरी बजावली, आणि तिच्यामागे असलेल्या चमूचे प्रमुख होते श्रीनिवास कुलकर्णी. त्यांचा जन्म कृष्णा-पंचगंगेच्या संगमाकाठच्या कुरुंदवाडचा आणि बालपण हुबळीचे. रेडिओलहरींत हा सुपरनोव्हा विलक्षण तेजस्वी होता. इतक्या तेजासाठी स्रोताचा आकार किमान किती असावा लागतो याचे गणित मांडता येते, आणि स्फोटाला मोजकेच दिवस झालेले असल्यामुळे तो आकार गाठायला द्रव्य किती वेगाने धावले असेल तेही निघते. उत्तर प्रकाशवेगाच्या अगदी जवळ आले. नेहमीच्या सुपरनोव्हाच्या द्रव्याला हा वेग कधीच साधत नाही. म्हणजे त्या फुटलेल्या ताऱ्याने आपल्या द्रव्याचा एक लहानसा अंश कोणत्या तरी वेगळ्याच यंत्रणेने बाहेर फेकला होता. मला हा युक्तिवाद फार आवडतो. त्यात कोणी गॅमा किरणांकडे वळून पाहिलेच नाही. फक्त नंतर उरलेल्या रेडिओच्या गुणगुणीवरून आधी काय घडले असावे ते सांगितले.

त्यानंतरचा पुरावा थेंबाथेंबाने आला. २६ मार्च १९९८ च्या एका स्फोटाची धग विझत विझत गेली आणि सुमारे तीन आठवड्यांनी, ती पूर्ण नाहीशी झालेली असायला हवी होती तेव्हा, पुन्हा थोडी वर आली आणि रंगाने लालसर दिसू लागली. जोशुआ ब्लूम, कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी त्या उंचवट्यात दडलेला सुपरनोव्हा ओळखला. आलेखावर तो उंचवटा मोजक्याच ठिपक्यांचा आहे, आणि प्रत्येक ठिपक्यामागे कोणीतरी 'आता तिथे काय उरले असणार' असे न म्हणता दुर्बिणीचा वेळ मागून घेतलेला आहे. असे उंचवटे आणखी काही स्फोटांत सापडले. परंतु एवढ्या मंद प्रकाशाचा वर्णपट, म्हणजे त्याची रंगांनुसार केलेली फोड, घेता येत नव्हता, आणि वर्णपटावाचून सुपरनोव्हाची खात्री पटत नाही.

ती खात्री २९ मार्च २००३ च्या स्फोटाने दिली. हेटे-२ या उपग्रहाने तो टिपला, आणि अंतर निघाले सुमारे दोन अब्ज प्रकाशवर्षे. ठळक स्फोटांच्या मानाने हे अगदी शेजारचे. त्याची धग इतकी तेजस्वी होती की हौशी निरीक्षकांच्या दुर्बिणींनाही ती दिसली. ॲरिझोनातल्या आणि चिलीतल्या मोठ्या दुर्बिणींनी रात्रीमागून रात्री तिचे वर्णपट घेतले. ते वर्णपट एकाखाली एक मांडलेली आकृती मी अनेकदा उघडून पाहते. पहिल्या रात्रींच्या रेघा निळ्याकडून लालकडे अगदी सपाट, गुळगुळीत उतरत जातात. त्यांत ताऱ्याची म्हणावी अशी एकही खूण नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस त्याच रेघेवर रुंद, गोलाकार फुगवटे दिसू लागतात, आणि रोज थोडे थोडे ठळक होत जातात. क्रिस्तोफ स्टानेक, टॉमस मॅथेसन आणि सहकाऱ्यांनी ८ एप्रिलच्या वर्णपटातून धगीचा गुळगुळीत भाग वजा केला, तेव्हा हाती आलेली रेघ १९९८ च्या त्या सुपरनोव्हाच्या रेघेशी जवळजवळ जुळली. योगायोगाचा प्रश्न मिटला. येन्स योर्थ यांच्या चमूने चिलीतल्याच दुसऱ्या दुर्बिणीवरून हेच स्वतंत्रपणे दाखवले. फुगवटे रुंद का, याचे उत्तर वेगात आहे: सेकंदाला तीस हजार किलोमीटरच्या आसपास धावणारे द्रव्य, म्हणजे प्रकाशाच्या दहाव्या हिश्श्याने, वर्णपटातल्या आपल्या रेषा दोन्ही बाजूंना फासटून टाकते. आणि त्या वर्णपटात हायड्रोजन नव्हता, हेलियमच्या रेषाही दिसत नव्हत्या. मरण्यापूर्वी तो तारा आपले बाहेरचे थर उतरवून बसला होता.

या धगीकडे नैनितालची दुर्बीण पाहत होती, आणि आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदची महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीणही. एरवी प्रकाशातली धग काही आठवड्यांत हातची जाते. रेडिओत मात्र हा स्फोट वर्षानुवर्षे ऐकू येत राहिला आणि कमी वारंवारितांवर खोडदने त्याचा पाठपुरावा केला. राष्ट्रीय विज्ञान दिनाला ती वेधशाळा सर्वांसाठी खुली असते, तेव्हा मी तिथे गेले आहे. नारायणगावाहून निघाले की द्राक्षांचे मांडव आणि टोमॅटोची शेते लागतात, आणि मग ४५ मीटर व्यासाची ती तबकडी एकदम समोर येते. जवळ जाऊन वर पाहिले की ती भरीव नसल्याचे ध्यानात येते. पोलादी तारांच्या दोरांवर ताणलेली बारीक जाळी आहे, तिच्यातून ढग दिसतात आणि वारा आरपार जातो. अशा तीस तबकड्या. गोविंद स्वरूप यांनी ही रचना मुद्दाम हलकी आणि स्वस्त ठेवली होती. त्या जाळीखाली उभे राहून, दोन अब्ज वर्षांपूर्वी विस्कटलेल्या ताऱ्याच्या द्रव्याचा वेग हळूहळू कसा मंदावत गेला हे इथून मोजले गेले आहे, असा विचार मनात आला, तेव्हा घसा दाटून आला होता. तेव्हा शेजारी शाळकरी मुलांची रांग गडबड करत पुढे सरकत होती आणि एक शिक्षक त्यांना मोबाइल बंद आहेत ना असे पुन्हा पुन्हा विचारत होते.

बाहेरचे थर उतरवलेले असण्याला इतके महत्त्व का, हे खगोलभौतिकशास्त्रज्ञ स्टॅन वूस्ली यांच्या कल्पनेतून उमगते. १९९३ मध्ये त्यांनी सुचवले की अतिशय वजनदार आणि वेगाने फिरणाऱ्या ताऱ्याचा गाभा कोसळून कृष्णविवर बनते, भोवतीचे द्रव्य चकतीसारखे फिरत त्यात पडते, आणि फिरण्याच्या अक्षाच्या दोन्ही टोकांना प्रकाशवेगाच्या अगदी निकटच्या वेगाचे दोन झोत निघतात. या झोताला ताऱ्याच्या पोटातून वाट काढत पृष्ठभाग गाठायचा असतो. बोअर मारणाऱ्या गाडीचे यंत्र पाणी लागेपर्यंत चालले तरच विहिरीला अर्थ. खडकात मध्येच थांबले तर वर धुरळा उडतो आणि भोक कोरडे राहते. इथेही आतले इंजिन झोत बाहेर पडेपर्यंत चालू राहावे लागते. तारा आटोपशीर असेल, सूर्याच्या आकाराच्या आसपास, तर दहाएक सेकंदांत काम होते. हायड्रोजनचे अवाढव्य आवरण शिल्लक असेल, तर झोत आतच जिरतो. वूस्ली यांना सुरुवातीला वाटले होते की असा तारा धड फुटणारच नाही, सुपरनोव्हा फसेल आणि फक्त झोत निघेल. निसर्गाने दोन्ही दिले, आणि सुपरनोव्हा उलट नेहमीच्यांपेक्षा कितीतरी जोरकस निघाला. झोत काही अंशांच्या अरुंद शंकूत जातो आणि ज्यांच्या वाटेत आपण असू त्यांचेच गॅमा किरण आपल्याला दिसतात. सुपरनोव्हाचा उजेड मात्र सर्व दिशांना जातो. त्याचे तेज किरणोत्सारी निकेलावर चालते. निकेलाचे कोबाल्ट सहा दिवसांच्या अर्धायुष्याने आणि कोबाल्टाचे लोखंड ७७ दिवसांच्या. म्हणून लखलखाट सेकंदांचा आणि सुपरनोव्हाचा कळस दोन-अडीच आठवड्यांनी. एका ताऱ्याच्या एका मरणाला ही दोन घड्याळे आहेत.

कोलगेटलाही त्याच्या हयातीतच न्याय मिळाला, याचे मला मनापासून समाधान आहे. १८ फेब्रुवारी २००६ रोजी स्विफ्ट उपग्रहाने ४४ कोटी प्रकाशवर्षांवरचा एक संथ स्फोट टिपला, अर्ध्या तासाहून अधिक रेंगाळलेला, आणि त्याच जागी काही दिवसांत सुपरनोव्हा उजळला. त्याच्या क्ष-किरणांत तापलेल्या द्रव्याची खूण होती आणि अनेकांनी तिचा अर्थ लावला तो असा, की ही आघातलहर ताऱ्याबाहेर फुटतानाची झळ आहे. १९६८ च्या कल्पनेतला झटका अखेर दिसला होता, जरी नेहमीचे प्रखर स्फोट त्याने म्हटले त्या पद्धतीने होत नसले तरी. कोलगेट २०१३ मध्ये गेला.

कोजागरीच्या त्या स्फोटाच्या सुपरनोव्हाने मात्र सर्वांना तिष्ठत ठेवले. आकाशगंगेच्या पट्ट्याआडून पाहावे लागत असल्यामुळे मध्ये धुळीचे दाट पडदे होते. त्या धुळीवर विखुरलेल्या क्ष-किरणांची वीस वलये युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन वेधशाळेने टिपली, तेवढा एक लाभ. स्फोटाची धग स्वतःच इतकी तेजस्वी होती की तिच्याखाली सुपरनोव्हा असला तरी झाकला जावा. काही चमूंना तो दिसल्यासारखा वाटला, काहींना नाही. मग पीटर ब्लँचर्ड आणि सहकाऱ्यांनी सुमारे सहा महिने जाऊ दिले, धग पुरेशी ओसरू दिली, आणि जेम्स वेब दुर्बिणीने वर्णपट घेतला. त्यात सुपरनोव्हा होता. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांचा निबंध आला, आणि त्यातली गोष्ट वाचून मी बराच वेळ पुढचे पान उलटले नाही: दहा हजार वर्षांतून एकदा दिसावा अशा स्फोटामागचा सुपरनोव्हा तेजाने १९९८ च्या त्या अशक्त स्फोटाच्या सुपरनोव्हाहून वरचढ नव्हता. ही इतकी प्रखरता बहुधा झोताच्या अरुंदपणाची आणि आपल्या नेमके वाटेत असण्याची होती. सोने, प्लॅटिनम यांसारखी जड मूलद्रव्ये अशा स्फोटांत घडत असावीत, ही अपेक्षाही त्या वर्णपटाने पुरी केली नाही. तशी कोणतीही खूण तिथे नव्हती. अब्जावधी वर्षांपूर्वी ज्या ताऱ्याने आपल्या दिशेने हा झोत सोडला, तो त्या जातीत चारचौघांसारखाच होता, हे कळल्यावर मला तो अधिक जवळचा वाटला.

हे नाते सगळीकडे असे सरळ जुळत नाही. १४ जून २००६ चा स्फोट जवळपास पावणेदोन मिनिटे चालला आणि जिथे सुपरनोव्हा सहज दिसायला हवा होता तिथे कसून शोधूनही सापडला नाही. ११ डिसेंबर २०२१ च्या दीर्घ स्फोटामागे तर ताऱ्याच्या कोसळण्याऐवजी न्यूट्रॉन ताऱ्यांसारख्या दोन अतिशय घन ताऱ्यांच्या मीलनातून होते तशी लालसर, झटपट विझणारी किलोनोव्हा आढळली. दोन सेकंदांहून लांब तो ताऱ्याच्या मरणाचा आणि आखूड तो मीलनाचा, ही सोपी वाटणी त्यामुळे मोडली. मला यात निराश होण्यासारखे काही दिसत नाही. लखलखाटाच्या लांबीवरून त्याचे मूळ ठरवता येत नाही, पुढचे आठवडे पाहावेच लागतात, एवढे यातून अधिक पक्के झाले.

मला सर्वांत ओढ आहे ती याच्या उलट बाजूची. गॅमा किरण न दिसता केवळ सुपरनोव्हा दिसला, तर त्याच्या आत झोत होता का? २००९ च्या मार्चमध्ये १३ कोटी प्रकाशवर्षांवर एसएन २००९बीबी दिसला. कोणत्याही उपग्रहाने त्या जागी गॅमा किरण नोंदवलेले नव्हते. अलिशिया सॉडरबर्ग यांच्या चमूने, ज्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे सायन चक्रवर्ती आणि अलक रे होते, अमेरिकेतल्या रेडिओ दुर्बिणींबरोबर खोडदचीही निरीक्षणे घेतली. कुलकर्णींच्या चमूने १९९८ मध्ये केला तसाच हिशेब मांडल्यावर द्रव्याचा वेग पुन्हा प्रकाशवेगाच्या जवळ निघाला. आत इंजिन होते. झोत आपल्याकडे वळलेला नव्हता की ताऱ्यातच अडकला होता, हे दोन पर्याय उरले. अडकण्याची शक्यता आता डोळ्यांना दिसण्याइतकी जवळ आली आहे. चीनच्या आइन्स्टाइन प्रोब उपग्रहाने २०२५ च्या जानेवारीत टिपलेल्या मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांच्या एका झटक्यामागे तसाच रुंद रेषांचा सुपरनोव्हा उगवला, आणि त्याचा अभ्यास करणाऱ्यांनी त्यामागचा झोत ताऱ्याच्या आवरणात गुदमरलेला असल्याचे प्रतिपादन केले आहे.

दुसरा पर्याय, आपल्याकडे पाठ फिरवलेल्या झोताचा, पडताळायला याहून जास्त वेळ लागतो. असा झोत भोवतीच्या वायूत घुसत मंदावतो, पसरतो, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्याची रेडिओ धग आपल्या दिशेनेही पोहोचायला हवी. म्हणून काही खगोलशास्त्रज्ञ जुन्या, केव्हाच विझलेल्या सुपरनोव्हांच्या जागी रेडिओ दुर्बिणी पुन्हा वळवतात. बहुतेक वेळा तिथे काहीच मिळत नाही. ते 'काहीच नाही' नोंदवहीत नीट लिहून ठेवले जाते, कारण अशा नकारांच्या बेरजेतूनच आवरण उतरवलेल्या ताऱ्यांपैकी फार तर किती थोड्यांच्या पोटात झोत पेटत असेल, याची वरची मर्यादा दरवेळी थोडी खाली सरकते.